आकडे जुळत नाहीत, म्हणून खोटे?

एक मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर फिरतोय. शेजारच्या काकांनी तर मला लिफ्टपाशी थांबवून वाचून दाखवला: 'वरच्या हवेचे युरोप, जपान, अमेरिकेचे आकडे आपसात जुळत नाहीत. हा संगणकाने रचलेला डेटा आहे. चुका दडपल्या जातात.'

आधी 'रचलेला'चं बघू. मेसेजमधले आकडे 'रिअॅनालिसिस'चे आहेत. रिअॅनालिसिस म्हणजे जुनी मोजमापं हवामानाच्या संगणकी मॉडेलमध्ये घालून तयार केलेली सलग नोंद. ही मोजमापं खरीखुरी असतात. सांताक्रूझहून हवामान खात्याचा फुगा सुटतो, त्याच्या दोरीला रेडिओसोंडचा छोटा डबा. चढता चढता तो तापमान, दाब, आर्द्रता, वारा कळवत राहतो आणि तीसेक किलोमीटरवर फुगा फुटतो. त्यापुढे मुख्य भिस्त उपग्रहांवर.

'जुळत नाहीत' हे मात्र अर्धं खरं आहे, म्हणून नीट सांगते. विषुववृत्तावर स्थितांबरातले, म्हणजे ढग-पावसाच्या थराच्या वरच्या थरातले, वारे साधारण २८ महिन्यांच्या फेऱ्यात दिशा बदलतात. फेब्रुवारी २०१६ मध्ये ही फेरी मोडली. पश्चिमेच्या वाऱ्यांच्या मधोमध, हवेचा दाब ४० हेक्टोपास्कल असतो त्या उंचीजवळ (सुमारे २२ किलोमीटर), पूर्वेचे वारे घुसले. सिंगापूरच्या फुग्यांनी ते टिपलं आणि युरोपचा ईआरए-इंटरिम, जपानचा जेआरए-५५, अमेरिकेचा मेर्रा-२ या तिन्ही रिअॅनालिसिस संचांत ते दिसतं. जिथे मोजमाप आहे, तिथे संच जुळतात.

ब्रूअर-डॉब्सन अभिसरणाचं तसं नाही. यात उष्ण कटिबंधातली हवा वर चढून ध्रुवांकडे जाते आणि तिथे खाली उतरते. चढण्याचा वेग सेकंदाला एक मिलिमीटरहूनही कमी! इतका संथ वेग थेट मोजता येत नाही, मॉडेलमधून काढावा लागतो. मॉडेल बदललं की उत्तर बदलतं. युरोपीय हवामान केंद्राच्या नव्या ईआरए-५ संचातलं अभिसरण त्याच केंद्राच्या जुन्या ईआरए-इंटरिमपेक्षा मंद निघालं. हे अभिसरण वाढतंय की घटतंय, हे एकाच संचावरून छातीठोक सांगणाऱ्यावर मीही विश्वास ठेवणार नाही. पण म्हणून वाऱ्यांच्या नोंदीही खोट्या ठरत नाहीत.

राहिलं 'दडपणं'. २००० ते २००६ या वर्षांसाठी ईआरए-५ ने खालचं स्थितांबर वाजवीपेक्षा थंड दाखवलं होतं. युरोपीय केंद्राने ते स्वतः जाहीर केलं, ती वर्षं पुन्हा चालवली आणि ईआरए-५.१ नावाने खुली केली. शिवाय या संचांची तुलना करणारा एस-रिप प्रकल्पाचा जाडजूड अहवाल २०२२ मध्ये आला. मेसेजवाल्याने 'उघडकीस आणलेली' तफावत त्यात आलेखांसकट छापलेली आहे, आणि तो कुणालाही फुकट उतरवून घेता येतो.