फुकट यूपीआयचा खर्च कोण उचलतो?

यूपीआयच्या व्यवहारांवर शुल्क असावे की नसावे, हा भारतातला जुनाच वाद २०२५ मध्ये नव्याने उभा राहिला. मार्च महिन्यात पेमेंट्स कौन्सिल ऑफ इंडिया या पेमेंट कंपन्यांच्या संघटनेने मोठ्या व्यापाऱ्यांकडून ०.३ टक्के एमडीआर, म्हणजे मर्चंट डिस्काउंट रेट (दुकानदाराच्या विक्रीच्या रकमेतून कापले जाणारे शुल्क), घेऊ द्यावा अशी मागणी पंतप्रधानांकडे केली. जूनमध्ये अर्थ मंत्रालयाने असे शुल्क येणार असल्याच्या बातम्या निराधार ठरवल्या. त्यानंतर काही आठवड्यांतच रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी या सेवेला खर्च येतो आणि तो कोणाला तरी भरावा लागतो, असे स्पष्ट शब्दांत सांगितले. यावर समाजमाध्यमांत जे रण माजले, त्यात एका बाजूला ‘गरिबांच्या व्यवहारावर कर’ अशी ओरड होती आणि दुसऱ्या बाजूला ‘जगात काहीच फुकट नसते’ असा उपदेश. हा खर्च आज नेमका कोण आणि कोणत्या वाटेने भरतो आहे, याचा हिशेब मात्र दोन्ही बाजूंनी क्वचितच मांडला.

मी जर्मनीत राहतो आणि दुकानांच्या गल्ल्यावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरचे काम करतो. त्यामुळे हा वाद मला दोन टोकांकडून दिसतो आणि दोन्हीकडच्या आत्मसंतुष्टतेचा थोडा कंटाळाही येतो. भारतातले स्नेही मला जर्मनीतील रोखीच्या हौसेवरचे विनोद पाठवतात आणि ते अगदीच अस्थानी नसतात. जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२३ च्या पाहणीनुसार तिथे खरेदीचे ५१ टक्के व्यवहार संख्येने रोखीचेच होते. भारतात यूपीआयने ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात २,००० कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला. या दोन आकड्यांवरून ‘आपण पुढे, युरोप मागे’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण मोबाइलवरून किती पैसे दिले जातात, हे त्या आकड्यांतून कळते. मोबाइलच्या आधारे कोणाला धंदा उभा करता येतो, हे त्यांतून कळत नाही आणि माझ्या मते वादाचे खरे मर्म तिथेच आहे.

खर्चाचा हिशेब करायचा तर एक व्यवहार जवळून पाहावा. ग्राहक दुकानातील क्यूआर कोड स्कॅन करतो. त्या कोडमध्ये दुकानदाराचा यूपीआय पत्ता आणि नाव असते. ॲप रक्कम घेते आणि पिनचा पडदा पुढे येतो. तो पडदा ॲप बनवणाऱ्या कंपनीचा नसून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने सर्व ॲपना दिलेल्या सामायिक सॉफ्टवेअरचा असतो, त्यामुळे ॲपला पिन दिसत नाही. मग विनंती एनपीसीआयकडे जाते, ग्राहकाच्या बँकेकडून खात्यातून रक्कम वजा होते, दुकानदाराच्या बँकेत जमा होते आणि दोघांना संदेश मिळतो. काही सेकंदांच्या या खेळात दोन बँका, दोन्ही बाजूंची ॲप आणि मधली एनपीसीआय असे पाच पक्ष यंत्रणा, फसवणूक-तपासणी आणि तक्रार निवारण यांवर पैसे खर्च करत असतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये काढलेल्या चर्चापत्रात ८०० रुपयांच्या सरासरी व्यापारी व्यवहारामागे सर्व घटकांचा मिळून सुमारे २ रुपये खर्च धरला होता. हे प्रमाण ०.२५ टक्के होते.

आता जर्मनीतला गल्ला पाहू. ग्राहक बोटाच्या ठशाने फोन उघडून तो यंत्राजवळ धरतो. फोनमधून कार्डाचा खरा क्रमांक जात नाही. त्याऐवजी एक पर्यायी क्रमांक आणि त्याच व्यवहारापुरता तयार झालेला सांकेतिक आकडा जातो. तो दुकानदाराच्या पेमेंट कंपनीकडून कार्डाच्या जाळ्यात आणि तिथून ग्राहकाच्या बँकेत पोहोचतो. ग्राहकाला हे यूपीआयपेक्षाही सोपे वाटते, कारण काहीच स्कॅन करावे लागत नाही. दुकानदाराला मात्र यंत्र भाड्याने घ्यावे लागते, प्रत्येक विक्रीवर वटणावळ द्यावी लागते आणि पैसे बहुधा एक-दोन दिवसांनी मिळतात. म्हणूनच लहान दुकानांत ‘कार्ड १० युरोपासून पुढे’ अशी पाटी आजही दिसते. ज्यांना शुल्क म्हणजे नैसर्गिक शिस्त वाटते, त्यांनी ही पाटी विसरू नये. शुल्क असले की लहान रकमा यंत्रणेबाहेर पडतात, हे ती दररोज सांगते.

तरीही या व्यवस्थेतला एक भाग मला घेण्याजोगा वाटतो. डिसेंबर २०१५ पासून युरोपीय संघात कार्डव्यवहारातील बँकांच्या आपसातील शुल्काला कायद्याने कमाल मर्यादा आहे. सामान्य ग्राहकाच्या डेबिट कार्डाला ती ०.२ टक्के आणि क्रेडिट कार्डाला ०.३ टक्के आहे. कार्डाच्या जाळ्याचे आणि पेमेंट कंपनीचे शुल्क यावर वेगळे पडते, त्यामुळे दुकानदाराला प्रत्यक्षात जास्त मोजावे लागते, हे खरे. पण कोणाला किती मिळते हे कागदावर असते आणि त्यावर उघड भांडता येते. रिझर्व्ह बँकेने काढलेला ०.२५ टक्क्यांचा खर्च नेमका या दोन मर्यादांच्या मध्ये बसतो, ही गोष्ट भारतातील वादात कोणी लक्षात आणून दिलेली मला तरी दिसली नाही.

भारतात १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावरचा एमडीआर शून्य करण्यात आला. शून्य केल्याने खर्च नाहीसा झाला नाही. तो वेगवेगळ्या ठिकाणी झिरपला. काही भाग सरकार अनुदानातून देते, पण त्याचा भरवसा नाही. रुपे डेबिट कार्ड धरून २०२३-२४ साठी ३,६०० कोटी रुपयांहून अधिक रक्कम देण्यात आली, तर २०२४-२५ साठी लहान व्यापाऱ्यांच्या २,००० रुपयांपर्यंतच्या यूपीआय व्यवहारांपुरती १,५०० कोटींची योजना मंजूर झाली, तीही आर्थिक वर्ष संपायला आले तेव्हा. ज्या उद्योगाचे उत्पन्न वर्ष सरताना मंत्रिमंडळाच्या बैठकीत ठरते, त्यात नवा माणूस कोणत्या हिमतीवर पैसे गुंतवणार?

दुसरा भाग दुकानदारच भरतो आणि तो कसा, हे जवळून पाहण्यासारखे आहे. गल्ल्यावर ठेवलेला, ‘इतके रुपये प्राप्त झाले’ असे मराठीत सांगणारा साउंडबॉक्स ही माझ्या मते गेल्या दशकातील अत्यंत हुशार व्यापारी कल्पना आहे. खोट्या स्क्रीनशॉटवर होणारी फसवणूक आणि गर्दीच्या वेळी फोन तपासण्याची कटकट या दोन खऱ्या अडचणी त्याने सोडवल्या. त्यात सिमकार्ड असते, बॅटरी असते आणि बहुतेक कंपन्या त्याचे मासिक भाडे घेतात. व्यवहारावर वटणावळ नाही, पण व्यवहार झाल्याचे ऐकू येण्याला भाडे आहे. शिवाय हे भाडे ठरावीक असल्याने महिन्याला थोडी विक्री करणाऱ्याला ते टक्केवारीने जास्त पडते आणि मोठ्याला किरकोळ वाटते. ‘गरिबांवर भार नको’ म्हणून शून्य केलेल्या शुल्काची जागा अशा रचनेने घ्यावी, हा विरोधाभास शून्य शुल्काच्या समर्थकांनी एकदा तपासून पाहावा.

उरलेला खर्च ॲप चालवणाऱ्या कंपन्या सोसतात, कारण त्यांना व्यवहारातून नव्हे, तर व्यवहारामुळे मिळणाऱ्या ग्राहकातून कमवायचे असते. रिचार्जवरचे किरकोळ शुल्क, जाहिराती, विमा आणि मुख्य म्हणजे कर्ज ही त्यांची कमाईची साधने आहेत. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते आणि लहान व्यापाऱ्यांचे २,००० रुपयांपर्यंतचे व्यवहार सोडले तर तिथे शुल्काला मुभा आहे. म्हणजे स्वतःच्या खात्यातले पैसे खर्च करणाऱ्या ग्राहकापासून उद्योगाला काही मिळत नाही आणि उधारीवर खर्च करणाऱ्यापासून मिळते. अशा व्यवस्थेत ॲपचे पडदे कर्जाच्या आमंत्रणांनी भरले तर दोष फक्त कंपन्यांच्या लोभाला देता येणार नाही. मला स्वतःला शून्य शुल्काचा हा परिणाम सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो सामान्य कुटुंबाच्या सवयींवर होतो आणि कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

अशी दीर्घकाळ तोटा सोसून पुढे कमावण्याची चाल खोल खिशाच्या कंपनीलाच परवडते. फोनपे आणि गुगल पे या दोन ॲपकडे मिळून यूपीआयच्या व्यवहारांपैकी सुमारे ८० टक्के वाटा आहे; त्यांतील पहिलीत वॉलमार्टचा सर्वांत मोठा हिस्सा आहे आणि दुसरी गुगलचीच आहे. कोणत्याही एका ॲपचा वाटा ३० टक्क्यांपुरता ठेवण्याचा नियम एनपीसीआयने २०२० मध्ये जाहीर केला, पण त्याच्या अंमलाची मुदत दोनदा पुढे गेली आणि आता ती डिसेंबर २०२६ अखेरची आहे. हा नियम लागू करण्यात अडचण आहे ती अशी की, मोठ्यांना रोखले तरी त्यांची जागा घेणाऱ्याला या धंद्यात मिळणार काय, याचे उत्तर कोणाकडे नाही.

युरोपात अडचण उलट्या बाजूने होती. इथे व्यवहारात पैसा होता, पण आत शिरायला वाट नव्हती. आयफोनमधील एनएफसी चिप, म्हणजे फोन यंत्राजवळ धरून पैसे देता येण्यासाठी लागणारी चिप, दुकानातील पेमेंटसाठी वापरण्याची मुभा ॲपलने अनेक वर्षे स्वतःच्याच सेवेला ठेवली होती. युरोपीय आयोगाने स्पर्धाविषयक चौकशी लावून धरल्यावर ॲपलने ही चिप इतरांना विनाशुल्क खुली करण्याचे आश्वासन दिले आणि जुलै २०२४ मध्ये ते दहा वर्षांसाठी बंधनकारक झाले. पुढच्याच वर्षी पेपालने जर्मनीत फोन टेकवून पैसे देण्याची सेवा सुरू केली. मिळकतीची जागा आधीपासून होती, म्हणून दार उघडताच कोणीतरी आत आले. भारतात दार २०१६ पासून उघडे आहे. आत गल्लाच नाही.

यावरून जर्मनीचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. जर्मन बँकांनी मिळून चालवलेली गिरोपे ही ऑनलाइन पेमेंट सेवा २०२४ च्या अखेरीस गुंडाळावी लागली. बँका आपापल्या सोयीने चालल्या, ग्राहकाला परकी सेवा अधिक सोपी वाटली आणि देशी पर्याय संपला. आता अनेक युरोपीय देशांतील बँकांनी मिळून जुलै २०२४ मध्ये वेरो ही पेमेंट सेवा सुरू केली आहे. खात्यातून खात्यात काही सेकंदांत पैसे पाठवण्याची सोय, आणि तीही साध्या हस्तांतरणापेक्षा जास्त शुल्क न घेता, युरो वापरणाऱ्या देशांतील बँकांवर सक्तीची व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. भारतात अशी तत्काळ हस्तांतरणाची आयएमपीएस ही सेवा २०१० मध्येच सुरू झाली होती. सर्व बँकांना एका मापदंडावर आणण्याची एनपीसीआयची कामगिरी किती अवघड होती, हे इथे बसून जास्त कळते.

रोखीच्या बाबतीतही भारतातील टीकेला एक बाजू सुटते. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या व्यापारी कर विभागाने यूपीआयच्या जमा रकमांवरून जीएसटीच्या नोटिसा काढल्या आणि बंगळुरूतील कित्येक छोट्या विक्रेत्यांनी क्यूआर कोड काढून रोखीच्या पाट्या लावल्या. कर चुकवणे समर्थनीय नाही, पण खात्यात आलेली प्रत्येक रक्कम विक्रीच असते असेही नाही. करमुक्त माल, घरच्यांनी पाठवलेले पैसे, उसनवारी हे सारे एकाच खात्यात येते. जर्मनीत विक्रीची नोंद पैसे देण्याच्या पद्धतीवर अवलंबून ठेवलेली नाही. इलेक्ट्रॉनिक गल्ला वापरणाऱ्याने रोखीच्या विक्रीचीही पावती १ जानेवारी २०२० पासून द्यावीच लागते आणि त्या नोंदी बदलता येऊ नयेत म्हणून गल्ल्यात प्रमाणित सुरक्षा यंत्र लागते. याचाही व्यापाऱ्यांना जाच होतो, पण मोबाइलवर पैसे घेतले म्हणून कर विभागाच्या नजरेत आलो, ही भावना तिथे तितकी नसते. भारतात छोट्या विक्रेत्याला स्वस्तातले, मराठीसह आपल्या भाषेतले, विक्री आणि इतर जमा वेगळ्या दाखवणारे बिलाचे ॲप मिळाले तर त्यासाठी तो पैसे मोजेल, असे मला वाटते. मोबाइल व्यापारातील संधी शोधणाऱ्या तरुणाने नवे पेमेंट ॲप काढण्यापेक्षा इथे पाहावे. ऑनलाइन विक्रेत्यांनाही पैसे मिळण्यापेक्षा परत आलेला माल, चुकीचे पत्ते आणि घरपोच रोखीच्या नाकारलेल्या ऑर्डरी यांचाच ताप अधिक आहे.

शुल्काबाबत माझे मत असे की, ते मोठ्या व्यापाऱ्यांना लावावे, त्याला कायद्याने कमाल मर्यादा असावी आणि ग्राहकाकडून ते वेगळे वसूल करण्यास मनाई असावी. मोठा कोण, यावर नवा खल करण्याचीही गरज नाही. ज्यांची वार्षिक उलाढाल ५० कोटी रुपयांहून अधिक आहे, अशा व्यवसायांना यूपीआयसारखी साधने उपलब्ध ठेवणे २०१९ च्या तरतुदीने आधीच बंधनकारक केले आहे. तीच रेषा वापरता येईल. ब्राझीलची पिक्स ही सेवा नोव्हेंबर २०२० मध्ये मध्यवर्ती बँकेने सुरू केली. व्यक्तींना ती विनामूल्य आहे, व्यवसायांकडून बँकांना शुल्क घेता येते, आणि तरीही ती देशभर पसरली. मोठ्यांवर लावलेले शुल्क उद्या लहानांवर येईल, ही भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही, कारण असे झाल्याची उदाहरणे कररचनेत पुष्कळ आहेत. त्यासाठी सवलतीची रेषा अधिसूचनेने बदलता येणार नाही, संसदेतच बदलावी लागेल, अशी तरतूद करावी आणि साउंडबॉक्सचे भाडेही त्याच मर्यादेच्या हिशेबात धरावे.