चित्रकार्डांमुळे मूल बोलायचं थांबतं? नाही

‘ऑटिझम किंवा डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाला मनातलं सांगण्यासाठी चित्रकार्डं, टॅबलेट देऊ नका, आयतं साधन मिळालं की ते बोलायचा कंटाळा करतं,’ असा मेसेज पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

मिलर, लाइट आणि श्लॉसर या संशोधकांनी २००६ मध्ये यावरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. काटेकोर पुरावा असलेल्या २७ जणांपैकी एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं. ८९ टक्के जणांचं वाढलं होतं. वाढ बहुतेकदा बेताचीच, आणि २७ हा आकडाही लहान, हे मान्य. पण मेसेजच्या बाजूने त्यात एकही उदाहरण नाही.

तहान लागली हे सांगता येत नाही म्हणून मूल किंचाळतं, स्वतःचा हात चावतं. त्याने पेल्याचं चित्र पुढे केल्यावर ‘पाणी’ म्हणत कुणी लगेच पाणी दिलं, की किंचाळायचं कारणच उरत नाही. मागायला शिकवलं की असं वर्तन घटतं, हे कार आणि ड्युरँड या संशोधकांनी १९८५ मध्येच दाखवलं होतं.

मुलाचा हात धरून दुसऱ्याने टाइप करवून घेणं मात्र वेगळं. तिथे शब्द हात धरणाऱ्याचेच निघतात, हे चाचण्यांत वारंवार दिसलंय.