१४.७ हा देवाने दिलेला आकडा नव्हे

इंजिनातल्या हवा-पेट्रोल मिश्रणावरचा लेख छान, पण त्यातला 'मिश्रण कायम १४.७ ला १ (हवा १४.७, पेट्रोल १) ठेवा' हा सल्ला अर्धाच आहे. हे वजनाचं गुणोत्तर शुद्ध पेट्रोलचं. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला पूर्ण ज्वलनासाठी साडेतेरापट हवा पुरते, कारण इथेनॉलला नऊपटच लागते. ऑक्सिजन सेन्सरला मात्र हे आकडे ठाऊकच नसतात, तो एक्झॉस्टमधला उरलेला ऑक्सिजन बघतो. म्हणून लॅम्डा १ (पूर्ण ज्वलनाला लागते नेमकी तेवढीच हवा) म्हणणं बरं.

आमच्या इंदूरहून खंडव्याकडे जाताना भेरूघाटात भरल्या गाडीने अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला, की ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर) मुद्दाम मिश्रण रिच, म्हणजे जास्त इंधनाचं करतो, पेट्रोलच्या हिशेबाने साडेबारा-तेरापर्यंत. ताकद तिथे मिळते, शिवाय जास्तीचं इंधन सिलिंडर थंड ठेवतं. तिथे मायलेजच्या नादाने लीन (कमी इंधनाचं) केलंत तर नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये अवेळी स्फोट होऊन पिस्टन जाईल. (कार्ब्युरेटरवाल्यांनो, इंदूर साडेपाचशे मीटरवर आहे, हवा विरळ, म्हणून मुंबईत सेट केलेली गाडी इथे किंचित रिचच चालणार.)

'लीन कोड (मिश्रण लीन असल्याची ईसीयूची सूचना) आला की ऑक्सिजन सेन्सर बदला' हे लेखातलं तर अजिबात पटलं नाही. इथली बरीच गॅरेजंही हेच करतात. आधी स्कॅनर लावून फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधन किती टक्के वाढवतोय-घटवतोय तो आकडा) बघा. आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) प्लस वीस टक्के आणि अडीच हजार आरपीएमला जवळपास शून्य, म्हणजे बहुधा इनटेकमधून चोरटी हवा येतेय. उलट लोडवर ट्रिम वाढत असेल तर फिल्टर, पंप, इंजेक्टर तपासा. सेन्सरच्या आधी सायलेन्सरचा पाइप फुटला असेल तरी लीनच दिसतं, आणि मिसफायरमध्येही (सिलिंडरमध्ये इंधन न पेटणं), कारण न जळलेला ऑक्सिजन तसाच बाहेर पडतो.