अ‍ॅसिटोनायट्राइल, सायनाइड आणि मिथेनॉलचा पर्याय: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: अ‍ॅसिटोनायट्राइल हे प्रयोगशाळेत वापरायचं द्रावक (पदार्थ विरघळवणारा द्रव) सायनाइडचाच भाऊबंद, मग त्याचं कौतुक कशाला? आणि मिथेनॉल उपलब्ध असताना कंपन्या हे विष बनवतातच का?

विषाचा मुद्दा आधी घेतो. पोटॅशियम सायनाइड पाण्यात विरघळलं की सायनाइड आयन लगेच मोकळा होतो. अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये कार्बन आणि नायट्रोजनची तीच जोडी मिथाइल गटाला घट्ट बांधलेली असते, त्यामुळे बाटलीत ती सुटी होत नाही. शरीरात मात्र होते. यकृतातली एन्झाइमं मिथाइल गटावर ऑक्सिजन चढवतात आणि मग हळूहळू सायनाइड सुटू लागतं. हा उशीरच मला जास्त घातक वाटतो. पोटात गेल्यावर सुरुवातीला माणूस ठीक दिसतो आणि काही तासांनी प्रकृती एकदम ढासळते. कृत्रिम नखं काढायच्या द्रावणात ते वापरत, ते पोटात गेल्याने लहान मूल दगावल्याची नोंद आहे. युरोपीय संघाने २००० साली सौंदर्यप्रसाधनांत त्यावर बंदी घातली, ते योग्यच झालं. म्हणून कुणी ते गिळलं असेल तर लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावं.

आता मिथेनॉल. एचपीएलसीमध्ये (यात मिश्रण द्रावकासोबत पंपाने बारीक कणांनी भरलेल्या नळीतून, म्हणजे कॉलममधून, ढकलून त्यातले घटक वेगळे करतात आणि बहुधा अतिनील प्रकाशाने टिपतात) अनेक चाचण्या मिथेनॉलवर होतात आणि जिथे होतात तिथे तेच वापरावं. पण मिथेनॉल पाण्यात मिसळलं की मिश्रण दोघांपेक्षाही दाट होतं आणि पंपावरचा दाब चढतो. शिवाय ते सुमारे २०५ नॅनोमीटरच्या खाली अतिनील प्रकाश स्वतःच शोषून घेतं. शुद्ध अ‍ॅसिटोनायट्राइल जवळजवळ १९० नॅनोमीटरपर्यंत पारदर्शक राहतं. औषधातली एखादी अशुद्धी फक्त याच पट्ट्यात दिसत असेल, तर मिथेनॉलमध्ये ती नजरेतून निसटेल. कृत्रिम डीएनए जोडताना तर मिथेनॉलचा विचारही करता येत नाही. त्याचा हायड्रॉक्सिल गट फॉस्फोरामिडाइटशी, म्हणजे साखळीत जोडायच्या सुट्या घटकाशी, स्वतःच अभिक्रिया करतो आणि साखळी वाढायची थांबते. तिथे काटेकोरपणे पाणी काढलेलं अ‍ॅसिटोनायट्राइलच लागतं.

आणि ‘मुद्दाम बनवतात’ हेही बहुतांशी खरं नाही. अ‍ॅक्रिलिक धागे आणि एबीएस प्लास्टिकसाठी प्रोपिलीन, अमोनिया आणि हवेतला ऑक्सिजन यांपासून अ‍ॅक्रिलोनायट्राइल बनवतात, त्यात हे जोडउत्पादन म्हणून निघतं. काही कारखाने ते वेगळं न काढता सरळ जाळतात. २००८ च्या अखेरीला मंदीमुळे अ‍ॅक्रिलोनायट्राइलची मागणी घसरली, त्यात ऑलिंपिकसाठी चीनमधलं उत्पादन कमी केलं गेलं आणि अमेरिकेतला एक कारखाना चक्रीवादळात बंद पडला. जगभरच्या प्रयोगशाळांना टंचाई भोगावी लागली. तेव्हा अनेकांनी बारीक व्यासाचे कॉलम लावून द्रावकाचा खप बराच खाली आणला. पर्याय शोधायचाच असेल तर तुम्ही या दिशेने बघा असं मी सुचवेन: कॉलमचा व्यास ४.६ वरून २.१ मिलिमीटर केला, तर तेवढ्याच वेळात सुमारे पाचपट कमी द्रावक लागतं.