ग्रीस मार!

जुन्या मोटरबोटीचं स्टिअरिंग एका दिवसात घट्ट होत नाही. कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने ते वर्षानुवर्षं आवळत जातं आणि त्याच बेताने मालकाचे दंड भरत जातात. त्यामुळे मालकाला बोट ठणठणीतच वाटते. खरं कळतं ते चाक दुसऱ्याच्या हाती दिल्यावर. माझ्या मेहुण्याने मोठ्या हौसेने चाक धरलं, वळवायला गेला आणि दातओठ खाऊन म्हणाला, "दाजी, याला कुलूप लावलंय का?"

या दुखण्यावर साऱ्या जगाकडे एकच सल्ला आहे : "ग्रीस मार." कुठे मार, हे कुणी सांगत नाही. पुष्कळजण चाकामागे, जिथे हात पोचतो तिथे मारतात. त्याने कपडे खराब होतात, बाकी काही होत नाही.

घोटाळा बहुतेक वेळा असतो बोटीच्या पार दुसऱ्या टोकाला. चाकामागच्या गिअरमधून एक जाडजूड केबल मागे, बोटीबाहेर टांगलेल्या आउटबोर्ड इंजिनापर्यंत जाते. केबलच्या शेवटी स्टीलचा दांडा असतो. तो इंजिनाच्या ब्रॅकेटमधल्या आडव्या पाइपातून पुढेमागे सरकतो आणि बाहेरच्या टोकाला जोडलेल्या आर्मने इंजिनाला ढकलतो. इंजिन वर उचललं जातं तेही याच पाइपाभोवती. दांडा आणि पाइप यांच्यात जागा जेमतेम. तिथे आधी खारं पाणी शिरतं, मग गंज आणि पांढरी भुकटी धरते, आणि या दोघांना बांधून ठेवायला असतं जुनं, वाळून मेणासारखं झालेलं ग्रीस. म्हणजे ज्याला औषध म्हणून घातलं तोच आता घरमालक!

मेहुण्याने ग्रीस गन आणली आणि पाइपाच्या निपलला, म्हणजे ग्रीस भरायच्या तोंडाला, लावून जोरात दाबली. बद्धकोष्ठ झालेल्याला आग्रहाने श्रीखंड वाढण्यासारखाच हा प्रकार. मी ओरडून थांबवलं, कारण ग्रीसलाही मुहूर्त असतो. दांडा पाइपाच्या पूर्ण आत ओढून घ्यायचा आणि मगच ग्रीस भरायचं. तो बाहेर असताना भरलं तर ग्रीस मागे कोंडतं, दांड्याला परत आत यायला वाटच उरत नाही आणि चाक जागीच जाम होतं. भर पाण्यात असं झालं तर बोट तिला वाटेल तिकडे जाते.

मुळात ग्रीसच्या आधी आरोपी शोधावा लागतो. बोट ट्रेलरवर, किल्ली खिशात. आर्मचा नट काढून इंजिन केबलपासून सोडवायचं आणि हाताने डावी-उजवीकडे फिरवून बघायचं. तेही जड असेल तर दोष इंजिन ज्यावर फिरतं त्या उभ्या खुंट्यात. आमचं इंजिन एका हाताने फिरलं. म्हणजे दोष दांड्यात, केबलमध्ये किंवा चाकामागच्या गिअरमध्ये.

आता चाकावर एक माणूस हवा होता. मेहुणा ग्रीस पुसत होता, म्हणून बायको बसली. ती नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, तोंड करून, मी इंजिनाकडे तोंड करून, पाठीला पाठ.

"अगं, डावीकडे फिरव!"

"अहो, माझं डावं की तुमचं?"

"बोटीचं!"

"बोटीचं तोंड कुठाय?"

बोटीची डावी-उजवी नेहमी नाळेकडे तोंड करूनच ठरते, हा नियम आम्हा दोघांनाही पाठ आहे. पण तो नियम केला कुणी? ज्याला बायकोकडे पाठ करून पाना धरावा लागला नाही, अशाच कुणीतरी.

दांडा बाहेर काढणं हे वेगळंच प्रकरण आहे. पाइपाच्या तोंडावरचा मोठा नट सोडवायचा. त्याला आधी गंज सोडवणारं तेल पाजायचं, हीटगनने शेकायचं, पुन्हा तेल पाजायचं आणि या सगळ्यात त्याच्याशी गोड बोलायचं. मग दुसऱ्या टोकाला लाकडाचा ठोकळा धरून हातोडी मारायची. थेट लोखंडावर मारली की दांड्याचं टोक चेपून पसरतं आणि मग तो पाइपातून जन्मात बाहेर येत नाही. आणि आला तरी जाणार कुठे? दांड्याच्या लांबीएवढी मोकळी जागा बाजूला लागते, आणि नेमकी तिथेच बोट बांधणाऱ्याने भिंत घातलेली. इतकी शिस्तीत घातलेली, की हा योगायोग असेल यावर माझा विश्वास नाही. शेवटी इंजिनाचे बोल्ट सैल करून ते उचलून धरावं लागलं. मेहुणा तेवढ्यापुरता उपयोगी पडला.

दांडा बाहेर आला आणि बायकोने चाक एका बोटाने फिरवून दाखवलं. गुन्हेगार पाइपच! त्यातून निघालेला माल पाहून ती दोन पावलं मागे सरकली. काठीला तारेचा ब्रश बांधून पाइप आतून घासला, दांड्याला पॉलिश पेपर मारला, आणि मग कुठे बोटीचं पाण्याने न धुपणारं ग्रीस लावलं. दांडा हाताने सरकला तेव्हा आम्ही तिघं नुसते बघत राहिलो.

केबलचं वरचं आवरण मात्र तडकलं होतं आणि तड्यातून गंजाचं पाणी झिरपत होतं. केबल सीलबंद असते. आत तेल सोडण्याचा उद्योग करण्यात अर्थ नाही, सरळ बदलायची. दंडाची ताकद लावून जुनी केबल वळवत राहणाऱ्याला ती तुटेपर्यंत पत्ता लागत नाही, आणि ती तुटते ती वेगात असतानाच. नवी टाकली, वळणं मोठी ठेवली. नायलॉनची कडी असलेला लॉकनट एकदा काढला की पुन्हा वापरत नाहीत, म्हणून तोही नवा. जुना मेहुण्याने "असू दे, लागेल" म्हणत खिशात टाकला.

आता चाक इतकं हलकं झालंय की बोट वेगात उजवीकडे ओढते हे पहिल्यांदाच कळलं. इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्याच्या फिरण्याने ती ओढणारच. इतकी वर्षं त्या जाम दांड्यानेच तिला सरळ धरलं होतं. त्यावर उपाय सोपा आहे. पंख्याच्या वर एक छोटं पातं असतं, त्याचा बोल्ट सैल करून पात्याची मागची कड ओढ असेल त्या बाजूला किंचित वळवायची. बोल्ट हलत नाहीये.

मेहुणा ग्रीस गन घेऊन निघालाय.