पहिला गेमिंग पीसी जोडताय? आधी भिंतीतला प्लग बघा

२०२५ च्या एप्रिलची गोष्ट. भाच्याची बारावीची परीक्षा झाली आणि ताईनं त्याला दिलेला शब्द पाळायची वेळ आली. बजेट ७५ हजार, मॉनिटर धरून. पोरगं मोबाइलवर यादी काढूनच बसलं होतं. मी विचारलं, सुरुवात कुठून करायची? तर म्हणाला, "मामा, मले फक्त ग्राफिक कार्ड जबरदस्त पायजे. बाकी काईबी चालते."

हे "बाकी काहीही चालतं" मी गेली दहा-बारा वर्षं ऐकतोय. मित्रांचे, शेजाऱ्यांचे, त्यांच्या पोरांचे पीसी जोडून देतो, आणि जवळजवळ प्रत्येकाची सुरुवात कार्डापासूनच होते. माझं मत बरोबर उलट आहे. आपल्या भागात पार्ट भिंतीकडून आत निवडत यायचे. आधी प्लग, मग खोली, मग एसएमपीएस (पीसीच्या पार्टांना वीज पुरवणारा डबा) आणि कॅबिनेट, मग मॉनिटर. कार्ड त्या मॉनिटरवरून ठरतं आणि प्रोसेसर त्याच्यानंतर. यूट्यूबवरचे बाहेरच्या देशातले रिव्ह्यू कार्डापासून सुरू होतात, कारण त्यांच्या खोलीत २१-२२ अंश तापमान असतं आणि भिंतीतल्या विजेचा त्यांना विचारच करावा लागत नाही. आमच्या अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो.

ताईच्या घरी हिशेबासाठी एक जुना डेस्कटॉप होता. अनवाणी पायांनी त्याच्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या यायच्या. घरात सगळ्यांना त्याची इतकी सवय झालेली की कुणी कॉम्प्युटरवर बसलं की आतून आवाज यायचा, "चप्पल घाल रे." मी टेस्टर काढला आणि कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला टेकवला. आतला दिवा पेटला.

यात कॉम्प्युटर खराब नसतो. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात. ते फेज आणि न्यूट्रल, दोन्हींकडून धातूच्या बॉडीला जोडलेले असतात. त्यातून येणारा अगदी थोडा करंट अर्थिंगच्या वायरीतून जमिनीत जावा अशी ती रचना आहे. अर्थिंगच नसेल तर बॉडीवर निम्मा दाब उभा राहतो, म्हणजे २३० चा निम्मा, ११५ व्होल्टच्या आसपास. इलेक्ट्रिशियननं स्विचबोर्ड उघडला. थ्री पिन सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकामागे हिरवी वायर होती, पण कापून, चिकटपट्टी गुंडाळून तशीच सोडलेली. घर बांधल्यापासून! त्यानं ती वायर मेन बोर्डापर्यंत नीट जोडली, अंगणातला अर्थिंगचा खड्डा उकरून पाणी घातलं आणि मल्टिमीटर लावला. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये २ व्होल्ट. टेस्टर पुन्हा त्याच स्क्रूला टेकवला, दिवा पेटला नाही. पीसीचा पहिला खर्च हा झाला, आणि ७५ हजारांतला सगळ्यात मोलाचा मी तोच मानतो.

मग खोली. वऱ्हाडात उन्हाळा म्हणजे कूलर, आणि पोराला वाटत होतं की पीसी कूलरच्या झोताखाली ठेवला की गार राहील. असं अजिबात करू नका. कूलरची हवा दमट असते, आणि आमचा भाग खारपाण पट्ट्याला, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या पट्ट्याला लागून. कूलरच्या ताट्यांवर दर उन्हाळ्यात जो पांढरा थर धरतो, त्याच पाण्याचे बारीक शिंतोडे झोताबरोबर उडतात. मी एकदा असा पीसी उघडला होता. कार्डाच्या हीटसिंकवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांवर, धूळ आणि क्षार मिळून सिमेंटसारखा थर बसला होता, ब्रशनं निघेना. टेबल कूलरच्या झोतातून बाजूला घ्या, आणि कूलरचा प्लग त्याच बोर्डावर नको.

तापमानाचं गणित साधं आहे. रिव्ह्यूमध्ये २२ अंशांच्या खोलीत कार्ड ६८ वर चालतं असं दाखवलं, तर तुमच्या ३८ अंशांच्या खोलीत ते साधारण १६ अंशांनी वर जाणार. म्हणून समोर काच असलेलं, रंगीत दिव्यांचं कॅबिनेट मी घेऊ देत नाही. दिसतं फार छान, पण हवा आत येणार कुठून? समोर जाळी, दोन पंखे आत ओढणारे, एक मागे फेकणारा, आणि जाळीमागे काढून धुता येईल असा फिल्टर. भाचा दोन दिवस रुसला होता. त्याचंही खरं आहे, त्या वयात मित्रांना दाखवायला दिवे हवे असतात. मी त्याला सांगितलं, पंखे दिव्यांचे घेऊ, काच मात्र नाही.

त्या रुसव्यात तो गावातल्या एका दुकानातून कोटेशन घेऊन आला. "आय सेव्हन गेमिंग पीसी, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक, आरजीबी", आणि किंमत बजेटच्या निम्मी. त्याचे डोळे चमकत होते. मी बसून एकेक ओळ वाचली. आय सेव्हन होता चौथ्या जनरेशनचा, म्हणजे २०१३-१४ च्या काळातला. कार्ड जीटी ७३०, तेही २०१४ चं. ४ जीबी खरंच होती, पण डीडीआर३, इतकी संथ की नव्या गेमला तिचा उपयोग नाही. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या जनरेशनपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे तेव्हाच जाहीर होतं. आणि पोराला खेळायचा होता व्हॅलोरंट, जो विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (पीसी सुरू होतानाची सुरक्षा-तपासणी) असल्याशिवाय सुरूच होत नाही. म्हणजे ज्या गेमसाठी पीसी घ्यायचा, तोच त्या पीसीवर विंडोज ११ मध्ये चालला नसता. कष्टाचे पैसे साठवून आई-बाप पोराला पीसी घेऊन देतात आणि त्यांच्या हातात "आय सेव्हन" हे एवढं नाव पडतं, याचा मला मनापासून राग येतो. कृपा करून नावापुढचे आकडे वाचा.

त्याच कोटेशनमध्ये एसएमपीएसची ओळ होती, "५०० वॅट". एवढंच. मी भाच्याला घेऊन त्या दुकानात गेलो आणि डबा उघडून मागितला. हातात घेतल्यावर पोकळ वाटावा इतका हलका. बाजूच्या स्टिकरवर १२ व्होल्टच्या रकान्यात लिहिलं होतं १४ अँपिअर. भाच्याला म्हटलं, गुणाकार कर. बारा चोक अठ्ठेचाळीस, हातचे चार, १६८ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही १२ व्होल्टवरच चालतात, म्हणजे कामाचे वॅट एवढेच. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर त्याच रकान्यात ४५ अँपिअरच्या आसपास असतात, म्हणजे ५४० वॅट. हा एक गुणाकार पोरांना शिकवा, बाकी काही नाही शिकवलं तरी चालेल. ८० प्लसचा बिल्ला बघा, पण तो वीज किती वाया जात नाही एवढंच सांगतो, आतला माल कसा आहे ते नाही. त्यामुळे वॉरंटी किती वर्षांची आहे ते बघा. पाच वर्षांची असेल तर कंपनीचा स्वतःच्या मालावर भरवसा आहे असं मी धरतो.

खरेदीला आम्ही दोघं विदर्भ एक्सप्रेसनं मुंबईला गेलो, लोकलनं ग्रँट रोड, आणि पूर्वेला लॅमिंग्टन रोड. कागदावर तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ते नाव सांगितलं तर निम्म्या लोकांना कळत नाही. ऑनलाइन थोडं स्वस्त मिळालं असतं, पण पोरानं पहिल्यांदा पार्ट हातात घेऊन बघावेत अशी माझी इच्छा होती. मॉनिटर आधी घेतला. २४ इंची, फुल एचडी, १४४ हर्ट्झच्या पुढचा (सेकंदाला तितक्या वेळा चित्र बदलणारा), आयपीएस, म्हणजे बाजूनं बघितलं तरी रंग नीट दिसणारा. मॉनिटर ठरला की कार्डाचा वाद आपोआप मिटतो. फुल एचडीसाठी आरएक्स ६६०० त्याला पुरेसं होतं: ८ जीबी, १३२ वॅट. कमी वीज म्हणजे कमी उष्णता, आमच्याकडे हे दहा फ्रेम जास्त मिळण्यापेक्षा मोठं आहे.

प्रोसेसरवर मात्र दुकानदाराशी अर्धा तास बोलणं झालं. तो म्हणे आय फाइव्ह १२४००एफ घ्या, दोन-तीन हजार वाचतील, कार्ड आहेच ना. एफ म्हणजे प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक नाही. मुंबई-पुण्यात राहणाऱ्याला हा सल्ला योग्य असेलही. पण आमचं कार्ड बिघडलं तर ते वॉरंटीत मुंबईला किंवा नागपूरला जाणार, परत यायला कधी कधी महिना जातो. तेवढे दिवस पीसी बंद, पोराच्या इंजिनिअरिंगचे असाइनमेंट बंद. म्हणून साधा १२४०० घेतला, एफ नसलेला. कार्ड काढून ठेवलं तरी मदरबोर्डाच्या एचडीएमआयवर स्क्रीन येते. तालुक्याच्या गावांत राहणाऱ्यांनी या दोन-तीन हजारांकडे विमा म्हणून बघावं. मदरबोर्डावर प्रोसेसर बसतो त्या या सॉकेटवर चौदाव्या जनरेशनच्या पुढे जाता येत नाही, हे मान्य. ज्याच्याकडे १५-२० हजार जास्त आहेत त्यानं सरळ एएमडीच्या रायझन प्रोसेसरचा एएम५ सॉकेट घ्यावा, २०२७ आणि पुढेही त्याला सपोर्ट देऊ असं एएमडीनं सांगितलंय.

रॅम ८ जीबीच्या दोन पट्ट्या, १६ ची एक नको. दोन पट्ट्यांनी ड्युअल चॅनेल चालतं, म्हणजे प्रोसेसर दोन्हींशी एकदम बोलतो, आणि फरक गेममध्ये दिसतो. चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा. आणि आता घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा, २०२५ च्या शेवटाकडे रॅमचे भाव भराभर चढले, एआयच्या डेटा सेंटरांची मागणी हे त्याचं मोठं कारण. त्यामुळे आमचं त्या वेळचं बजेट जसंच्या तसं धरू नका. अशा वेळी कार्डाची एक पायरी खाली उतरा, पण एसएमपीएसला हात लावू नका.

बिल जीएसटीचं घ्या आणि प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या. वॉरंटी नंबरावर चालते, ओळखीवर नाही. "ट्रे प्रोसेसर (डब्याशिवायचा, सुटा) स्वस्त पडेल" असं कुणी म्हणालं तर विचारा, वॉरंटी कंपनीची की दुकानाची? आणि प्रोसेसरचा पंखा सोबत मिळतो का?

जोडणी त्यानंच केली, ताईच्या जेवणाच्या टेबलावर. मी फक्त समोर बसलो होतो. प्रोसेसरचा लीव्हर दाबताना कर्र असा आवाज आला आणि त्यानं घाबरून हात मागे घेतला. त्या लीव्हरला जोर लागतोच, आवाज येतोच, हे त्याला आधी सांगायला मी विसरलो होतो. पॉवर स्विचच्या त्या बारीक वायरी लावायला त्याला अर्धा तास लागला, आजीनं देवघरातला बॅटरीचा दिवा धरला. चालू केलं तर पंखे फिरले आणि स्क्रीन काळी. मॉनिटरची केबल मदरबोर्डाला लागली असेल असं मला वाटलं, पण ती कार्डालाच होती. बोर्डावर डीरॅमचा, म्हणजे रॅमची अडचण दाखवणारा, छोटा दिवा पेटलेला होता. रॅमची एक पट्टी एका बाजूनं पूर्ण बसली नव्हती. त्यानं बटण बंद केलं, अंगठ्यानं दाबली, टक्कन वाजली. पुन्हा चालू केल्यावर स्क्रीन आली तेव्हा पोरगं ओरडलं नाही, नुसतं माझ्याकडे बघत राहिलं.

त्या मे महिन्यात दुपारी खोलीत ३९ अंश असताना कार्ड ८० च्या आसपास राहिलं, एकदाही बंद पडलं नाही.

आणि ताई. इलेक्ट्रिशियन आला होता त्याच दिवशी तिनं त्याला स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरातही नेलं होतं. फ्रिजच्या पॉइंटला अर्थिंग होती. वॉशिंग मशीनच्या पॉइंटला, जिथे ती रोज ओल्या हातांनी उभी असते, तिथे हिरवी वायर टाकलेलीच नव्हती.