दिवा होता, तरी खाणीत माणसं का मेली? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: १८१५ मध्ये डेव्हीचा सुरक्षा-दिवा (ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी असलेला) आला, त्यानंतरही इंग्लंडच्या कोळसा खाणींत स्फोट झाले ते मजुरांनी पाईप ओढायला दिवे उघडले म्हणून, तेव्हा मालकांना दोष देणारा माझा लेख एकांगी आहे.

दिवे उघडले जात, हे खरंच आहे. पण डेव्हीच्या दिव्याचा उजेड साध्या मेणबत्तीहूनही कमी. मजुरी मिळायची ती कोळशानं भरलेल्या टबावर, म्हणजे छोट्या गाडीवर. टबात दगड जास्त निघाला की पुष्कळ ठिकाणी तो टब मजुरीत धरतच नसत. अंधुक उजेडात काळा दगड आणि कोळसा वेगळा करायचा कसा? उजेडासाठी जाळी काढण्यामागे हेही कारण होतं, नुसता पाईप नव्हे.

शिवाय बंद दिवाही दगा देई. ज्योतीभोवतीच्या जाळीला चौरस इंचात ७८४ छिद्रं. ज्वाला तिच्यातून बाहेर येऊ पाहते तेव्हा तार उष्णता ओढून घेते आणि बाहेरचा मिथेन (खाणीतला पेट घेणारा वायू) पेटत नाही. हे हवा संथ असेपर्यंत. झोत सेकंदाला सात-आठ फुटांच्या पुढे गेला की ज्वाला जाळीतून बाहेर फेकली जाते. म्हणजे वायू हटवायला वारा वाढवावा, तर दिवाच धोक्याचा. जाळीची एक तार गंजून तुटली तरी तेच. आणि दिवा आहे म्हटल्यावर वायूमुळे सोडून दिलेले थर मालकांनी पुन्हा खोदायला घेतले. वॉल्सएंडच्या खाणीत १८३५ मध्ये स्फोटात १०२ जण गेले, दिवा येऊन वीस वर्षं झाल्यावर.

एक चूक मात्र कबूल करतो. लेखात सगळी जागा स्फोटांनी खाल्ली. सर्वांत जास्त माणसं छत आणि कोळशाची भिंत कोसळून मेली, एकेक-दोनदोन करून, म्हणून त्यांची बातमीही झाली नाही. कोळसा काढायची रीतच तशी होती. मजूर कुशीवर आडवा होऊन थराच्या तळाशी टिकावानं आत खाच पाडत जाई, पार खांदे आत जाईपर्यंत. वरचा कोळसा लाकडाच्या आखूड ठोकळ्यांवर तोललेला. मग बाजू कापायच्या, ठोकळे काढायचे आणि पाचर किंवा सुरुंगानं कोळसा खाली आणायचा. ठोकळा कमी पडला किंवा थरात आडवी भेग असली, की ते सगळं अंगावर.

छत टिकावानं ठोकून पाहत. खणखणीत वाजलं तर पक्कं. फुटक्या मडक्यासारखं बद्द वाजलं तर धिरा लावायचा. तरीही छतात दगड झालेलं झाडाचं खोड असलं तर इलाज नसे. खोड खाली रुंद, वर निमुळतं, भोवती कोळशाची गुळगुळीत साल. खालचा कोळसा निघाला की त्याला धरायला काहीच उरत नाही. कुठलीही कुरकुर न करता ते सटकन खाली येई. बऱ्याच भागांत धिरे मजुरानंच लावायचे आणि त्याची वेगळी मजुरी नाही. नॉर्थम्बरलंड-डरहॅममध्ये त्यासाठी वेगळा माणूस असे, पण तो येईपर्यंत थांबायचं म्हणजे टब कमी भरायचे.

आणि माझ्या लेखातली हार्टलीची खाण? १६ जानेवारी १८६२. पाणी उपसणाऱ्या इंजिनाची ४२ टनांची ओतीव लोखंडी तुळई मोडली आणि अर्धी शाफ्टमध्ये, म्हणजे खाणीत उतरायच्या उभ्या विहिरीत पडली. शाफ्ट एकच, माणसं, कोळसा, पाणी आणि हवा, सगळ्याची वाट तीच. मधे लाकडी पडदी घालून तिचे दोन भाग केलेले. पडदीसकट सगळं खाली जाऊन वाट बुजली. सहाव्या दिवशी बचाव करणारे पोचले तेव्हा आतले सगळे विषारी वायूनं मेलेले होते. शाफ्टमधून माणसं नेणाऱ्या पाळण्यातले पाच धरून मृत २०४. तिथे कोणी दिवा उघडला नव्हता. दुसरा शाफ्ट खोदायचा खर्च वाचवला होता. प्रत्येक खाणीला बाहेर पडायच्या दोन वाटा हव्यात, हा कायदा त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये झाला.

छताबद्दलचा मजकूर मूळ लेखात घालतो आहे. हार्टलीचा परिच्छेद आहे तसाच राहील.